मायक्रोनीडलिंगवरचा शीवचा शोधनिबंध आमच्या घरातल्या दोघांनाही लागू होतो का?

राजेंद्रनगरवासी, इंदूर · १४ डिसेंबर

आमच्या घरात सध्या दोघांचे केस गळत आहेत आणि दोघांसाठी एकच उपाय ठरू पाहतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा २७ वर्षांचा आहे. गेल्या तीन वर्षांत त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आणि भोवऱ्यापाशी वाटोळी विरळ जागा दिसू लागली. त्याच्या वडिलांचे आणि माझ्या भावाचेही तिशीच्या आत असेच झाले होते. दीड वर्षापासून तो पाच टक्क्यांचे मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचे औषध डोक्याला लावतो, पण खरे सांगायचे तर कधी लावतो, कधी विसरतो.

मुलगी २३ वर्षांची आहे. गणपतीत तिला डेंग्यू झाला. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळे इंदूर झांक्या पाहायला रस्त्यावर उतरले होते, तेव्हा तिला सलाईन लावलेले होते. ऑक्टोबरपर्यंत ती पूर्ण बरी झाली, कामावरही जाऊ लागली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अचानक केस गळू लागले. न्हाल्यावर न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका जमतो, उशीवर केस, पोळ्या लाटताना ओढणीवर केस. मी काही केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले, तर प्रत्येकाच्या एका टोकाला रव्याच्या कणाएवढा पांढरा गोळा दिसतो. सासूबाई म्हणतात की केस मुळासकट उपटून आले, आता त्या जागी पुन्हा येणार नाहीत. ते ऐकल्यापासून मुलगी वेणीसुद्धा घालत नाही, हात लावायलाच घाबरते.

मुलाने मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ सालचा एक शोधनिबंध वाचला. तो ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’मध्ये आला आहे. डोक्याच्या त्वचेवर बारीक सुयांचा रोलर फिरवून (यालाच मायक्रोनीडलिंग म्हणतात) वर मिनॉक्सिडिल लावले, तर नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा कितीतरी जास्त केस येतात, असे त्यात दाखवले आहे. त्याने लगेच ऑनलाइन रोलर मागवला. तो काल घरी आला, आणि आता तोच रोलर बहिणीनेही वापरावा असे दोघांचे ठरते आहे. निबंध खरा आहे, चांगल्या महाविद्यालयातला आहे, याबद्दल मला शंका नाही. तो या दोघांनाही लागू होतो का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. कृपया रोलरचे पाकीट उघडण्याआधी कोणी सांगितले तर उपकार होतील.

त्वचावैद्य, मनोरमागंज · १४ डिसेंबर

ताई, पाकीट उघडू नये ही विनंती आधी करतो आणि मग मुलीपासून सुरुवात करतो, कारण तिची गोष्ट दिलासा देणारी आहे.

डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. काही वर्षे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि त्यानंतर साधारण तीन महिने तो विश्रांतीत राहून गळून पडतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि एरवी त्यांतले दहा-पंधरा टक्केच विश्रांतीत असतात, त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. डेंग्यू, विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, कोविड अशा धक्क्याने एकाच वेळी पुष्कळ केस वाढ सोडून विश्रांतीत जातात. ते त्या दिवशी गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणूनच आजार सरून माणूस हिंडूफिरू लागला की गळती सुरू होते आणि दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या गळतीचे नीट वर्णन करून तिला टेलोजन एफ्लुव्हियम हे नाव दिले. आपल्या मुलीचा ताप आणि गळती यांच्यात दहा-अकरा आठवड्यांचे अंतर आहे, म्हणजे हिशोब तंतोतंत जुळतो.

आता तो पांढरा गोळा. आपण कागदावर ठेवून पाहिलेत हे फार चांगले केलेत. आपल्या सासूबाईंना आदरपूर्वक सांगावे की तो गोळा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांतीतल्या केसाचे खालचे टोक घट्ट होऊन गदेसारखे फुगते, तेच ते. ज्यातून केस उगवतो तो केशकूप त्वचेतच राहतो, आणि बहुतेक वेळा खालून नवा केस वर येऊ लागलेला असतो म्हणूनच जुना निघतो. गोळा दिसणे ही या गळतीत वाईट खूण नाही. केस मधेच तुटलेले असते किंवा टाळूवर गुळगुळीत चट्टे पडले असते, तर मी वेगळा विचार केला असता.

तिने रोलर वापरू नये. तिचे केशकूप आजारी नाहीत, त्यांना सुयांनी उठवण्याची गरज नाही, आणि त्या शोधनिबंधात तिच्यासारख्या रुग्ण नव्हत्याच. तिने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्याव्यात, कारण लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेले असेल तर गळती लांबते. एक गोष्ट आवर्जून सांगतो. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे प्रयोगशाळेत सांगावे आणि तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारावे. जास्त मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवते. आजारानंतरची भूक नीट परत आली आहे का, पुरेशी प्रथिने पोटात जातात का, हेही पाहावे. वेणी खुशाल घालावी, फणीही फिरवावी. जो केस निघणार आहे तो निघेलच, न विंचरता फक्त एक दिवस उशिरा.

सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही, किंवा भांग पुढच्या बाजूने रुंदावत चालला, तर मात्र दाखवून घ्यावे. स्त्रियांमध्ये आनुवंशिक विरळपणा बहुधा भांगापासून सुरू होतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ साली त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही आम्ही वापरतो. तापानंतरची गळती कधीकधी असा लपलेला विरळपणा उघड करते.

मुलाची गोष्ट निराळी. त्याचा नमुना पुरुषांतल्या आनुवंशिक टकलाचा दिसतो. या टकलाच्या पायऱ्या हॅमिल्टन यांनी १९५१ साली मांडल्या आणि नॉरवुड यांनी १९७५ साली सुधारल्या. याच हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले होते की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले आणि घराण्यात टक्कल असले तर ते पडू शकते. म्हणजे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात. शीवच्या अभ्यासात याच मोजपट्टीवर तिसऱ्या पायरीचे भोवरा विरळ झालेले किंवा चौथ्या पायरीचे पुरुष घेतले होते. आपला मुलगा त्या रांगेत बसतो. तरीही घरी रोलर फिरवणे आणि त्या अभ्यासात जे केले ते एकच नव्हे. तिथे दीड मिलिमीटरच्या सुयांचा रोलर आठवड्यातून एकदा, रुग्णालयात, प्रशिक्षित हातांनी फिरवला गेला आणि त्यानंतर चोवीस तास मिनॉक्सिडिल लावू दिले नाही. सुयांनी उघडलेल्या त्वचेतून औषध किती आत जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ते चोवीस तास पाळलेच पाहिजेत.

निवृत्त गणित-शिक्षक, सुदामा नगर · १५ डिसेंबर

डॉक्टरसाहेबांनी कोणाला लागू आणि कोणाला नाही हे सांगितले. मला आकड्यांविषयी लिहावेसे वाटते, कारण माझ्या नातवानेही हाच निबंध मला दाखवला होता आणि त्यातला ‘९१’ हा आकडा तो मंत्रासारखा म्हणत होता.

अभ्यासात १०० पुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला दर आठवड्याला सुया आणि रोज दोनदा पाच टक्के मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला फक्त मिनॉक्सिडिल. बारा आठवड्यांनी एका चौरस सेंटीमीटरमधल्या केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात ९१.४ आणि दुसऱ्यात २२.२ भरली. मोजणीची पद्धत मला फार आवडली. सर्वांचे केस आधी सारखे भादरले आणि मोजायच्या जागी गोंदणाचा ठिपका दिला, म्हणजे तीन महिन्यांनी मोजताना जागा केसभरही सरकू नये. आपण आरशासमोर, आज ट्यूबलाइटखाली आणि उद्या उन्हात, ओल्या केसांचे आणि कोरड्या केसांचे फोटो ताडून पाहतो, त्याच्याशी याची तुलनाच नाही. शिवाय डोक्याचे फोटो पाहून गुण देणाऱ्या परीक्षकाला कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. याच डॉ. धुरत यांनी एका सहलेखकासह २००९ साली केस मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचे गुणदोष सांगणारा लेख लिहिला होता. मोजमापाविषयी इतका आधी विचार केलेल्या माणसाच्या हातून ही काळजी घेतली गेली याचे मला नवल वाटत नाही.

आता सावधगिरीचे मुद्दे. पाच टक्के मिनॉक्सिडिलचा ताळा पाहायला मी एल्सी ओल्सेन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा ३९३ पुरुषांवरचा अमेरिकी अभ्यास घेतला. त्यात ४८ आठवड्यांनी चौरस सेंटीमीटरमागे सरासरी वाढ पाच टक्क्यांच्या औषधाने १८.६, दोन टक्क्यांच्या औषधाने १२.७ आणि औषध नसलेल्या नुसत्या द्रवाने ३.९ अशी होती. शीवचा २२.२ हा आकडा १८.६ च्या शेजारी शोभून दिसतो, म्हणजे तो गट नेहमीसारखाच वागला. ९१.४ मात्र एकदम उंच उडी आहे. उंच उडी खोटी असते असे नाही, पण ती दुसऱ्यांनी, दुसऱ्या जागी, जास्त काळ मोजून दाखवावी अशी अपेक्षा मी ठेवतो. निबंधाच्या शीर्षकातच हा प्राथमिक अभ्यास असल्याचे लेखकांनी प्रामाणिकपणे म्हटले आहे, आणि नेमका तोच शब्द नातवाने गाळला होता.

दुसरे असे की फक्त सुयांचा असा गट तिथे नव्हता, त्यामुळे किती श्रेय सुयांचे आणि किती दोन्हींच्या जोडीचे हे वेगळे काढता येत नाही. सुया टोचल्याचे रुग्णापासून लपवताही येत नाही. निम्म्याहून जास्त सुधारणा झाली असे म्हणणारे पहिल्या गटात ४१ जण, म्हणजे ८२ टक्के होते. दुसऱ्यात २ जण, म्हणजे साडेचार टक्के. हा रुग्णांचा स्वतःचा कौल आहे आणि दर आठवड्याला रुग्णालयात जाऊन टोचून घेणाऱ्याच्या कौलात आशेचा वाटा असतोच. केसांच्या मोजणीवर मी जास्त विसंबेन. याच टक्क्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ४१ म्हणजे ८२ टक्के, तर गट ५० चा. पण २ म्हणजे साडेचार टक्के असतील तर भाजक ४४ येतो. दुसऱ्या गटातले काही जण शेवटपर्यंत राहिले नाहीत, हे त्या साडेचारमध्ये दडलेले आहे. जे निघून गेले त्यांचे केस कसे होते हे कोणालाच मोजता आले नाही.

माझे मत विचाराल तर निष्कर्षाची दिशा मला पटते, पण ९१ या आकड्यावर मी माझ्या नातवाला पैज लावू देणार नाही.

रामबागकर · १५ डिसेंबर

मी ३१ वर्षांचा आहे आणि ताईंचा मुलगा आज जिथे उभा आहे तिथे मी गेल्या वर्षी होतो, म्हणून लिहिणे कर्तव्य वाटले.

मीही दीड मिलिमीटरचा रोलर ऑनलाइन मागवला. आठवड्यातून एकदा लिहिले होते. मला घाई होती, मी दोनदा फिरवला. जंतुनाशकात बुडवून तो कपाटाच्या खणात ठेवत असे, आणि फिरवल्यावर त्याच संध्याकाळी मिनॉक्सिडिल लावत असे, कारण उघड्या छिद्रांतून ते जास्त आत जाईल असे मला वाटले होते. तिसऱ्या आठवड्यात टाळूवर आग सुरू झाली, चौथ्या आठवड्यात पुवाच्या पुळ्या आल्या. उशीला डोके टेकवता येईना. त्वचारोगतज्ज्ञांनी मला रोलर घेऊन बोलावले आणि भिंगाखाली धरायला सांगितले. रांगेतल्या कितीतरी सुयांची टोके आकड्यासारखी वळलेली होती. म्हणजे मी त्वचेला भोक पाडत नव्हतो, ती फाडत होतो, आणि ते मला डोळ्यांनी कधीच दिसले नसते.

औषधे घेऊन पुळ्या बऱ्या झाल्या, पण दोन-अडीच महिने काहीच लावता आले नाही आणि मिनॉक्सिडिलने जे थोडे टिकले होते तेही गेले. ताई, एक रोलर दोघांनी वापरण्याचा विचार तर मनातूनही काढून टाका. त्यावर रक्त लागते. वस्तरा जसा आपण दुसऱ्याला देत नाही, तसाच हा.

राजेंद्रनगरवासी, इंदूर · १६ डिसेंबर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी आभारी आहे. डॉक्टरांचा पांढऱ्या गोळ्याविषयीचा परिच्छेद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी कागदावरचा केस पुन्हा चष्मा लावून पाहिला आणि मुलीला स्वतः जवळ घेऊन तेल लावले. रामबागकर दादा, तुमचा अनुभव मुलाने दोनदा वाचला आणि रोलर परत पाठवला.

त्याचा एक प्रश्न उरतो. दीड वर्ष मिनॉक्सिडिल लावूनही फरक पडला नाही, तर ते त्याला लागू पडत नाही असे समजावे का?

त्वचावैद्य, मनोरमागंज · १६ डिसेंबर

कधी लावले आणि कधी विसरले, तर ते औषध निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. शीवच्या अभ्यासातले लोक रोज दोनदा लावत होते. नियमित सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढते, कारण विश्रांतीतले केस जागा सोडतात. बरेच जण नेमके तेव्हाच घाबरून थांबतात आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू करतात. तुमच्या मुलाचेही असे झाले असण्याची शक्यता आहे.

नियमित लावूनही काहींना उपयोग होत नाही, हेही तितकेच खरे. मिनॉक्सिडिल जसेच्या तसे काम करत नाही. केशकुपातील सल्फोट्रान्स्फरेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर करते आणि ते सल्फेट केसावर काम करते. हे विकर सर्वांच्या केसांत सारखे नसते. उपटलेल्या केसांतले विकर मोजून औषध लागू पडेल की नाही हे आधी सांगता येईल का, यावर संशोधक अँडी गोरेन आणि सहकाऱ्यांनी काम केले आहे आणि त्या कामात डॉ. धुरत यांचाही सहभाग आहे. मला स्वतःला त्यांच्या कामातला हा धागा सुयांपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण ज्याला औषध लागू पडणार नाही त्याची दोन वर्षे आणि पैसे त्यामुळे वाचू शकतात.

मुलाने सहा महिने एकही दिवस न चुकवता लावावे. आज खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, भोवऱ्याचा एक फोटो घ्यावा आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून घ्यावा. गुरुजींनी गोंदणाचा ठिपका सांगितला ना, घरी त्याचे काम हा फोटो करील. फिनास्टेराइडची गोळीही आहे. एक मिलिग्रॅमची ही गोळी टकलासाठी अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाली, पण लैंगिक तक्रारींसह तिचे काही दुष्परिणाम असू शकतात, तेव्हा ती समोरासमोर बोलूनच ठरवावी. आणि सुया हव्याच असतील, तर त्या दवाखान्यात.

राजेंद्रनगरवासी, इंदूर · २८ फेब्रुवारी

आपण इतके समजावून सांगितलेत, तेव्हा पुढचे कळवणे मला आवश्यक वाटते.

मुलीचे फेरिटिन कमी निघाले, थायरॉइड ठीक आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. जानेवारीच्या मध्यापासून जाळीवरचा पुंजका लहान होत गेला आणि आता न्हाल्यावर बोटावर मोजता येतील इतकेच केस दिसतात. काल संक्रांतीची काळी साडी आवरून ठेवताना ती खिडकीत उभी होती, तेव्हा उजेडात भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक उभे केस दिसले. तेल लावूनही ते बसत नाहीत. मी फूटपट्टी धरली, दोन ते अडीच सेंटीमीटर भरले. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर केस वाढतो असे मी वाचले आहे, तर डॉक्टर, गळती जोरात होती तेव्हाच हे खालून निघाले होते, असेच ना?

मुलाचे तीन फोटो झाले आहेत. दुसऱ्या महिन्यात गळती वाढली तेव्हा तो थांबणार होता, पण थांबला नाही. भोवऱ्यात अजून मला तरी काही फरक दिसत नाही. उरलेले तीन फोटो झाले की सगळे घेऊन आम्ही दाखवायला जाणार आहोत.

त्वचावैद्य, मनोरमागंज · १ मार्च

होय ताई, तेव्हाच. लोहाच्या गोळ्या केस दिसू लागले म्हणून बंद करू नका. फेरिटिन पुन्हा तपासून मगच ठरवा. आणि मुलाचे सगळे फोटो तारखांसह आणा, न आवडलेलेसुद्धा.